दहा आणि वीसच्या मध्ये

जालन्याच्या एमआयडीसीत माझा काटा, साठ टनी.
भंगाराचा ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती फाडते. भरलेला, रिकामा, निव्वळ.
निव्वळ ते सगळं भट्टीत जातं
आणि सळई होऊन त्याच रस्त्यानं परत निघतं.

मार्चमध्ये परतूरकडून आलेल्या गाडीत
बाकांचे लोखंडी पाय उपसताना
तो दिसला. पिवळट पडलेला,
वरच्या रांगेत दहा लाल बटणं.
ती मी पूर्वी एकदा पाहिली होती.

सातवीत. चपला बाहेर, हात धुतलेले,
आम्ही पन्नास जण ओळीत.
आत पंख्याखाली शाळेचा कॉम्प्युटर,
प्रत्येकाला एकच बटण.
माझ्या पुढं मंदाकिनी घुगे. तिनं एस दाबला,
वळून माझ्याकडं बघून हसली,
आणि वीज गेली.

ड्रायव्हरनं दीडशे मागितले. दिले.
गंमत म्हणून काट्यावर ठेवून पाहिला:
शून्य. दहा किलोच्या खालचं
माझा काटा काही मानतच नाही.

रियासतभाईंच्या दुकानात पहिल्यांदा लावला
तेव्हा मागून धूर निघाला, घाणेरड्या वासाचा.
"घाबरू नका बाई, जुना माणूस उठला की खोकतोच."
बारा रुपयांचा कपॅसिटर बदलला,
तर टीव्हीवर एक बारीक आडवी रेघ
उघडमीट करत बसली.
इतकी वाट माझी कुणी बघितली नव्हती.

शिकवायला कुणी नाही. झेरॉक्सची पानं, त्यातली अकरा पुसट.
ए, एक्स आणि वाय, तीन वाट्या, बस्स.
हिच्यातून घे, तिच्यात ओत, विसरलीस तर गेलं.
दोन महिने माझे नुसते सांडण्यात गेले.
एकदा 'परत ये' सांगायचं राहिलं
तर तो कुठं निघून गेला देव जाणे,
पडद्यावर चिन्हांचा पाचोळा.
बंद. चालू. पुन्हा पहिल्यापासून.

जागा सगळी मिळून बत्तीस के.
चित्र काढायला घ्यावं
तर वीस के नुसता पडदाच पिऊन टाकतो.
भाचा म्हणाला, मावशी, माझा एक फोटो याच्याहून मोठा आहे.
असेल. पण नळ नवव्या दिवशी येणाऱ्या गावात
मला पुरवून वापरायचं कुणी शिकवायचं?
तांदळाचं धुवण कुंडीला,
तशी एका कामातून सुटलेली जागा दुसऱ्याला.
एक बाइट वाचला तरी रात्री झोप बरी लागते.

साठवायला दिराच्या लग्नाची कॅसेट घेतली.
अजूनही प्रोग्रॅमची किरकिर संपली
की मागून भटजी बजावतात: सावधान.

त्याला मराठी येत नव्हतं.
वहीत आठ बाय आठची चौकट आखली,
कुठला दिवा लावायचा, कुठला विझवायचा.
२५५: आठही पेटलेले, ही शिरोरेषा.
२४, हा देठ.
१०२, १५३, १५३, १०२.
खाली दोन शून्यं, अक्षराला पाय सोडायला जागा.
आणि पडद्यावर, थोडा चौकोनी, थोडा अवघडलेला,
ळ.
मी एकटीच होते तरी मोठ्यानं म्हणाले.

"मॅडम, ह्याचा उपयोग काय हो?"
चहा पिता पिता ट्रकवाले विचारतात.
मी पावतीवरचा शिक्का दाबते.
काय सांगू, की बेसिकमध्ये ओळींना
दहा, वीस, तीस असे नंबर देतात,
मधली जागा मोकळी ठेवतात,
मागून सुचेल त्याच्यासाठी,
मागे राहिलं असेल त्याच्यासाठी.

काल रात्री दहा आणि वीसच्या मध्ये
पंधरा नंबरची ओळ लिहिली.
रिटर्न दाबलं.
वीज होती.